चौथ्या प्रश्नाचं उत्तर

३ मार्च, सोमवार

पोचलो. बॅगा शाबूत, हाडं शाबूत, आणि मुख्य म्हणजे घसा शाबूत. हे मुद्दाम लिहायला हवं, कारण या परक्या देशात मला बोलावून घेतलंय ते घशासाठीच.

खोली चौथ्या मजल्यावर मिळाली आहे. त्यामागेही विचार आहे, हे आल्याआल्या सांगण्यात आलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत चोर चढतो आणि सातव्याच्या वर आगीच्या बंबाची शिडी पोचत नाही, म्हणून परदेशात माणसाने मधलाच मजला मागून घ्यावा. मला हे पटलं. पलंग, टेबल, दाराला आतून दोन कड्या, दाराखाली ठोकायला रबरी पाचर. खिडकीतून कंपनीची गोदी दिसते. जहाजं पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभी केलेली, पोटं उघडी, आणि त्या पोटांवर मुंग्यांसारखी चढलेली आपली माणसं.

काम सोपं आहे. आपल्याकडून कामगारांची तुकडी आली की तिला मराठीत दोन तास सांगायचं, परमुलखात जीव कसा सांभाळावा. वीस वर्षं मी मंडपामंडपांतून लोकांना 'भिऊ नका' सांगितलं. आता त्याच तोंडाने 'जपून राहा' सांगायचं. कॉलेजने मला काढलं ते बोलण्यामुळे आणि या कंपनीने घेतलं तेही बोलण्यामुळे. ताई म्हणाली होती, भोंग्या, जगासाठी पुष्कळ बोंबललास, आता पोटासाठी बोंबल. भोंगा हे माझं घरातलं नाव. तान्हेपणी रडायला लागलो की गिरणी सुटली समजून अर्धी आळी बाहेर यायची म्हणे.

पण पोटाचं कारण वरवरचं. खरी गोष्ट भाचीची आहे. ताईची एकुलती एक, नर्स झालेली, याच कंपनीच्या दवाखान्यात नेमणूक मिळालेली. व्हिसा तयार, कपडे शिवून तयार. ताईने मात्र पाय अडकवून ठेवलाय. आधी मामा जाईल, जागा कशी आहे, माणसं कशी आहेत ते डोळ्यांनी बघेल, आणि तो 'ये' म्हणेल तेव्हाच पोरगी उंबरठा ओलांडेल. मला हसू आलं आणि जरा छातीही फुगली. आमच्या घरात माझ्या शब्दाला इतकी किंमत पहिल्यांदाच आली आहे.

५ मार्च, बुधवार

सुरक्षाप्रमुखांना भेटलो. आपल्याकडचेच आहेत, इथे पंचवीस वर्षं झाली. कमरेला किल्ल्यांचा झुबका आणि बोलणं सायीसारखं. कामगार त्यांना कुलूपकाका म्हणतात, आणि ते स्वतःही हसत हसत तेच नाव सांगतात.

पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत गेला. रस्त्यावर चोरीला जाण्यापेक्षा बरा, असं त्यांचं म्हणणं. फोनचं कार्डही घेतलं; परक्या देशात फोन म्हणजे गळ्यात बांधलेली घंटा, कोण कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. घरी बोलायचं ते दर रविवारी संपर्ककक्षातून.

मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात चार प्रश्न. घरी तुम्हाला कोण काय म्हणतं? लहानपणी तुम्ही केलेली कोणती चूक दुसऱ्याने अंगावर घेतली? घरात शेवटचं मोठं भांडण कशावरून झालं? आणि चौथा, आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट कोणती? मी भुवया चढवल्या. काकांनी शांतपणे समजावलं. उद्या कुणी तुम्हाला पळवून नेलं आणि फोन करून म्हणालं, तुमचा माणूस आमच्याकडे आहे, तर आम्ही काय करायचं? यातला एक प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं तर माणूस जिवंत. म्हणून अर्धं खरं इथे कामाचं नाही.

मला युक्तिवाद आवडला की आपण मागेपुढे पाहत नाही. पहिल्या तीन प्रश्नांसाठी पुरवणी कागद मागून घेतला. भोंगा लिहिलं. शेजाऱ्यांची काच मी फोडली आणि चपला ताईने खाल्ल्या, ते लिहिलं. भांडण बारा वर्षांपूर्वीचं. आई गेली तेव्हा मी परगावी भाषणात होतो, ताईने एकटीने सगळं निस्तरलं, आणि निरोप मला उशिरा मिळाला हे माझं म्हणणं तिने मान हलवून ऐकलं, पण त्यानंतर वर्षभर अबोला धरला.

चौथ्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं. निरोप उशिरा मिळाला नव्हता. ध्वनिक्षेपकापुढे जायच्या आधीच चिठ्ठी हातात पडली होती. ती खिशात घालून मी पन्नास मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या.

लिहून झाल्यावर हलकं वाटलं, हे कबूल करतो.

९ मार्च, रविवार

पहिली तुकडी, चाळीस माणसं. सभागृह छोटंसं पण आवाज फिरतो छान. समोर एक यंत्र माझं बोलणं टिपत होतं, पुढच्या तुकड्यांना उपयोगी म्हणून.

मी रंगात होतो. रोज एकाच वाटेने जाऊ नका. अनोळखी माणसाला राहायची जागा सांगू नका. आणि सातवा नियम मी स्वतः घातला, काका खूष झाले. परक्या देशात सगळ्यात मोठा धोका म्हणजे घाबरलेला सोबती. तो ओरडायला लागला तर त्याचं ऐकू नका, त्याच्याशी वाद घालू नका. गोड बोलून दोघांनी दंड धरा आणि सुरक्षाकक्षात नेऊन सोडा. एकाची भीती चाळिसांना बुडवते.

फॉर्म वाटले तेव्हा मागच्या रांगेतला एक वेल्डर उठला. म्हणाला, सर, बायकोला मी रुसल्यावर काय म्हणतो ते कंपनीला कशाला? वेल्डिंगला ते लागत नाही. सगळे हसले. मी खाली उतरलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दहा मिनिटं बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. मी चांगला बोललो. आपली माहिती लपवणारा माणूस परमुलखात मेला तर बेवारस मरतो, हे शेवटचं वाक्य होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्षर वाईट म्हणून त्याचा फॉर्म मीच भरला. बायकोला तो ठिणगी म्हणतो.

१६ मार्च, रविवार

ताईशी बोललो. म्हणजे मी बोललो, ती मधून मधून 'श्वास घे' म्हणाली. भाचीचं विचारलं. मी म्हटलं, अजून महिनाभर थांब, पण जागा चांगली वाटते.

वेल्डरशी गट्टी जमली आहे. त्याचा फोन दोन मिनिटांत आटपतो. 'बरंय. जेवलो. ठेवतो.' मी म्हटलं, अरे बायको आहे की हजेरीपट? तो म्हणाला, सर, तुमच्या वाटणीचं तुम्ही बोलता, माझ्या वाटणीचंही तुम्हीच बोलता, मला उरतं काय? त्याने माझ्या वहीत घरचा नंबर लिहून दिला. काही झालंच तर तिला तुम्ही सांगा, मला जमणार नाही.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी जहाजाच्या टाकीत गॅस कोंडला. आत तिघे होते. मी धक्क्यावर होतो, सगळं पाहिलं. दोघांना चालत बाहेर काढलं. तिसऱ्याला ताडपत्रीवर. वाऱ्याने ताडपत्रीचं टोक उडालं आणि मला चेहरा दिसला. वेल्डर होता. मेलेल्या माणसाचा चेहरा ओळखायला डॉक्टर लागत नाही.

संध्याकाळपर्यंत त्याची खाट रिकामी करून गादी उन्हात टाकली होती.

३० मार्च, रविवार

वेल्डरच्या बायकोला फोन लावला. मनात वाक्यं जुळवली होती. वीस वर्षांचा वक्ता, पण पहिलं वाक्य सुचत नव्हतं.

त्याची गरजच पडली नाही. ती आनंदात होती. सर, तुम्ही काय जादू केलीत, म्हणाली. आत्ता सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला. हाताला जरा लागलंय म्हणे, दुसऱ्या शहरात इलाज चालू आहे. पण अर्धा तास बोलले, माझ्या गुडघ्याचं विचारलं, पोरीला गोष्ट सांगितली. लग्नाला नऊ वर्षं झाली सर, हा माणूस मला आत्ता भेटतोय.

मी विचारलं, आवाज त्याचाच होता?

ती हसली. म्हणाली, ठिणगी म्हणाले की मला. आणखी कोण म्हणणार?

२ एप्रिल, बुधवार

काकांकडे गेलो. म्हटलं, मी चेहरा पाहिलाय. त्यांनी पाणी पुढे केलं आणि म्हणाले, धक्का बसला की डोळे फसवतात, आराम करा. मी आवाज चढवला. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. माझ्या बोलण्याकडे इतक्या एकाग्रपणे आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

नीट लिहितो.

ताई रडत होती. दुःखाने नाही. म्हणाली, बुधवारपासून मला झोप अशी लागतेय की काय सांगू. बुधवारी तू तासभर बोललास, आणि पहिल्यांदाच मला बोलू दिलंस. आणि मग ते सांगितलंस. चिठ्ठी आधीच मिळाली होती, तरी पन्नास मिनिटं बोलत राहिलास, आणि ताई मला क्षमा कर. अरे, मला ते ठाऊकच होतं. चिठ्ठी घेऊन गेलेल्या माणसाने परत आल्यावर मला सांगितलं होतं. बारा वर्षं वाट पाहत होते, फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

बुधवारी मी फोन केला नव्हता. बुधवारी फोन करताच येत नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण पलीकडे ताई नाक ओढत हसत होती. आईच्या बरोबरीने मला वाढवणारी माझी बहीण बारा वर्षांनी मोकळी झाली होती. तो मी नव्हतो म्हणालो असतो तर तिच्या हातातून काय काढून घेतलं असतं? आणि खरं लिहायचं तर दुसरीही गोष्ट आहे. ती क्षमा मला हवी होती. आयती, शिजवून वाढलेली.

मी म्हणालो, हो ताई, चुकलंच माझं.

चोराच्या हातची भाकरी मी खाल्ली.

७ एप्रिल, सोमवार

आज काकांनी लपवाछपवी केली नाही. उलट मला समजेल अशा शब्दांत सांगितलं, शिक्षकाने हुशार मुलाला सांगावं तसं.

आवाज यंत्राला मिळतो, माणूस फॉर्ममधून मिळतो. दोन्ही जोडले की घर शांत राहतं. घर शांत तर गोदी शांत. पूर्वी एक माणूस गेला की पन्नास फोन, वकील, वार्ताहर. आता कुणी जातच नाही. सगळे जिवंत आहेत आणि सगळे आपापल्या बायकांशी पहिल्यापेक्षा चांगलं बोलतात. तुम्हीच बघा, बारा वर्षांत तुम्हाला जमलं नाही ते आम्ही एका बुधवारी केलं.

मी विचारलं, मी तर जिवंत आहे, मग माझा आवाज कशाला?

ते म्हणाले, तुमच्याकडे बोलण्याचे तास सगळ्यांत जास्त आहेत. शिवाय तुमच्या घरून एक नर्स यायची आहे. दवाखान्याला माणसं लागतात.

मी टेबलावर मूठ आपटली. अन्याय, खोटेपणा, मेलेल्यांची विटंबना, सगळं बोललो. वीस मिनिटं, न अडखळता. संपल्यावर त्यांच्या टेबलावरच्या त्या छोट्या यंत्राचा दिवा विझला. त्यांनी माझे आभार मानले. चिडलेला आवाज आमच्याकडे कमी होता, म्हणाले.

१३ एप्रिल, रविवार

ताईला सगळं सांगितलं. भरभर, श्वास न घेता. तो मी नाही. क्षमा मागितली ती मी नाही. पोरीला पाठवू नकोस.

ती म्हणाली, गेल्या रविवारी तूच 'हो' म्हणालास ना?

मी म्हणालो, खोटं बोललो.

ती म्हणाली, म्हणजे पुन्हा तेच. आधी निरोप मिळाला नव्हता, मग मिळाला होता, आता क्षमाच मागितली नव्हती.

मी भोंगा म्हणालो, काच म्हणालो, चपला म्हणालो. तिने ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली की गुरुवारी 'माझा' फोन आला होता. माझी सगळी माहिती चोरीला गेली आहे, असं तिला सांगितलंय. माझ्याच आवाजात कुणीतरी रडेल, पोरीला पाठवू नका म्हणेल, जुनं सगळं ओळखून दाखवेल. म्हणून आता नवा प्रश्न ठरवलाय, आम्हा दोघांतच.

तिने तो विचारला. गुरुवारी मी तिला कोणता शब्द दिला?

मला माहीत नाही. मी काही शब्द बोलून पाहिले. आईचं नाव. आमच्या आळीचं नाव.

ताई म्हणाली, हे बघा, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण पुन्हा या घरी फोन करू नका.

तुम्ही.

जन्मल्यापासून पहिल्यांदा.

१५ एप्रिल, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत बाकावर चढलो. समोर दोनशे माणसं, त्यात माझी एकोणचाळीस. सांगितलं सगळं, वेल्डरपासून. घरी कळवा, फॉर्म फाडा, ओरडा.

ऐकलं त्यांनी. मग माझ्याच तुकडीतला एक फिटर पुढे आला, आणि त्याच्यामागून एक रंगारी. सर, चला, जरा बसू या. उन्हाचा त्रास होतो इथे. दोघांनी दंड धरले. किती हळू धरले होते. वाद घातला नाही, माझं ऐकलं नाही, गोड बोलत सुरक्षाकक्षापर्यंत आणून सोडलं.

सातवा नियम. एक शब्द विसरले नाहीत.

१७ एप्रिल

सभागृहाच्या वरची खोली दिली आहे. विश्रांतीसाठी, म्हणतात. भिंतीत मोठी जाड काच, खाली सभागृह दिसतं; तिथला कर्णा इथे ऐकू येतो, इथलं काही खाली जात नाही. दाराला बाहेरून कडी. आतून एकही नाही.

वही घेतली नाही. मागितली असती तर दिलीही नसती — पण मागितली नाही, हेच —

श्रोता म्हणून आता कागदच उरलाय.

१९ एप्रिल

कुलूपकाका आले होते. पोरगी निघाली, म्हणाले. मामाने 'ये' म्हटल्याबरोबर. ताईने औक्षण केलं, पेढे वाटले. फोनवर मामा इतकं छान बोलला की सगळी आळी —

मी त्यांच्या पाया पडलो. ज्याने आयुष्यात कुणासमोर मान —

यंत्र चालू होतं. विनवणीचा आवाजही कमी होता वाटतं.

२० एप्रिल

आज बोललो नाही. एकही शब्द नाही. यांना काही द्यायचं नाही.

खालून माझा आवाज येत होता. नव्या तुकडीची तालीम. मी कधीच न बोललेली वाक्यं. चांगली वाक्यं. मी असतो तर टाळ्यांसाठी थांबलो असतो अशा जागी तो थांबत नाही —

माझ्यापेक्षा बरा आहे. हे लिहून ठेवतो, कारण हे खरं आहे, आणि खरं आता फक्त इथे —

२२ एप्रिल

आली. तिसरी रांग, भिंतीकडून दुसरी. केस कापलेत. ताईची शाल आहे खांद्यावर.

फॉर्म वाटले. कर्ण्यातून मी बोलतोय. पहिला नियम, दुसरा —

काचेवर मुठी मारल्या. तिने वर पाहिलं.

पाहिलं मला. ओळखलं. हात हलवला. मी ओरडतोय, लिहू नको, पळ, लिहू नको — तोंड पूर्ण उघडून — आणि कर्ण्यातून माझा आवाज म्हणतोय, लिही बाळ, सगळं खरं लिही, घरच्यांना तू सापडायला हवीस —

ती हसली. तिला वाटतंय मीच बोलतोय. मामा काचेमागे उभा राहून भाषण करतोय. ओठ हलताहेत, आवाज येतोय, आणखी काय हवं —

चौथ्यापाशी पेन थांबलंय तिचं.

गप्प. गप्प बसायचं. तोंडावर हात घट्ट. दुसऱ्या हाताने हे. ती वर बघेल आणि तिला दिसेल. वर बघ पोरी. एकदाच. माझे ओठ मिटलेले आहेत आणि तरी मी बोल—